तापीच्या खालच्या अंगाला: बागेची टिपणं

सुरतेत बागेचं वर्ष नवरात्रात सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. उधना, लिंबायत, डिंडोलीत स्थायिक झालेली आमची खानदेशी मंडळी बी गावाहून आणतात आणि पेरतातही गावाकडच्याच वेळेला. नदी तीच, तापी. पण भुसावळची कोरडी हवा इथे येईपर्यंत दमट होते. तिकडे झाड तहानेने जातं, इथे बहुतेक वेळा मुळं कुजून.

म्हणून पावसाळ्यात आहे ते जपायचं. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. कुंड्या दोन-दोन विटांवर उचलून ठेवाव्यात, तळाचं भोक काडी घालून मोकळं करावं. पावसाने उघडीप दिली की गुलाब-जास्वंदीच्या आळ्यातली माती खुरप्याने बोटभर हलवावी. इथली चिकण माती पावसाने थापली जाते आणि मुळं गुदमरतात. या दिवसांत शेणखत, पेंड काही घालू नये, पाण्याबरोबर वाहून जातं.

कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढूनच टाकावी. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

पावसाचा खरा आनंद अळू, हळद आणि कोनफळाला. अळू न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर लावावं, श्रावणात वड्यांपुरती पानं घरची होतात. ओली हळद आणि आंबेहळद इथल्या बाजारात थंडीत शेजारी शेजारी मांडलेली असते. लोणच्यासाठी घेताना डोळे असलेल्या दोन-चार गाठी बाजूला काढाव्यात, कोरड्या रेतीत सावलीला ठेवाव्यात आणि मे संपता संपता पसरट कुंडीत लावाव्यात. पानं पिवळी पडून आडवी झाली की खणायच्या, त्याआधी हात लावू नये.

2006 च्या ऑगस्टातल्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. तळमजल्याच्या बागेत असा गाळ आला तर खोडाभोवतीचा थर आधी काढावा. नंतर तोच गाळ रेती आणि शेणखत मिसळून वाफ्याला वापरता येतो. थर तसाच राहू दिला तर वाळून त्याची फरशी होते.

आता पापडी. उंधियूसाठी नावाजलेली पापडी कतारगामची. त्या कतारगामात आज हिऱ्यांचे कारखाने आणि इमारती आहेत, त्यामुळे गच्चीवर तिचा एक तरी वेल असावा असं मला मनापासून वाटतं. वालाच्या जुन्या जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जूनमध्ये बी टाकलं तर वेल मांडवभर पसरतो, पानांनी गच्च होतो आणि फुलाचा पत्ता नसतो. मग बी खराब निघालं म्हणून दुकानदाराला बोल लावतात. ऑगस्टच्या अखेरीस टोकावं. वेल आटोपशीर राहतो आणि शेंगा उंधियूच्या दिवसांत हाताशी येतात.

वेल बांधायला सुतळी घेऊ नये. साड्यांच्या या शहरात पॉलिस्टरच्या चिंध्यांना तोटा नाही. अंगठ्याएवढी रुंद पट्टी फाडावी, काठी आणि वेल यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन गाठ काठीच्या बाजूला मारावी. पट्टी रुंद असल्याने देठाला काचत नाही, पावसात कुजतही नाही. कुजत नाही म्हणूनच हंगाम संपल्यावर एकूणएक सोडवून ठेवायची. कंपोस्टमध्ये गेली तर कायमची तिथेच.

थंडीत आभाळ भरून आलं की पापडीचे शेंडे उलटून बघावेत. काळा मावा कोवळ्या शेंड्याला आणि फुलांच्या दांड्याला दाटीने चिकटतो. वेलावर मुंग्यांची ये-जा दिसली की तो आलाच समजा. आधी पाण्याची जोरदार धार. तेवढ्याने भागलं नाही तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे थेंब, संध्याकाळी फवारावं. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणालाही हेच.

कोथिंबीर ऑक्टोबरच्या मध्यानंतर. धणे हलके रगडून फाके करावेत. मेथी, पालक त्याच सुमारास.

टोमॅटोची फुलं ऑक्टोबरात गळतात तेव्हा लोक घाबरून खत ओततात. रात्री गार झाल्या की फळ आपोआप धरतं. थोडा धीर धरावा.

जळगावकडची भरताची वांगी इथेही छान येतात, मात्र बादलीएवढी कुंडी हवी आणि फळ धरायच्या आत काठीचा आधार हवा.

14 जानेवारी, उत्तरायण. गच्चीवर सगळं शहर. कठड्यावरच्या कुंड्या आदल्या दिवशीच खाली उतरवाव्यात, आणि सण झाला की झाडांत अडकलेला मांजा कात्रीने कापून काढावा. पक्षी त्यात पाय अडकून मरतात, तेव्हा हे काम उद्यावर टाकू नये.

मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात कमी करावं. संक्रांतीनंतर निम्म्यापर्यंत छाटावा, शेणखत द्यावं, मग भरपूर पाणी. फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे छाटताना हात आखडू नये.

एप्रिल-मे. समुद्राकडचा वारा कुंड्या उन्हाइतक्याच सुकवतो, म्हणून आडोसा पश्चिमेकडून करावा. जुनी साडी दोन पदरी ताणून बांधली तरी पुरते. मातीवर रसवाल्याकडची उसाची चिपाडं अंथरावीत, पण आधी कडक उन्हात वाळवून, नाहीतर मुंग्या लागतात. बोअरचं पाणी खारट असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. तो थर खरवडून टाकावा, आणि पहिला दणकून पाऊस आला की छपराखालच्या कुंड्याही उघड्यावर आणाव्यात. तळातून पाणी वाहू द्यावं. साचलेला खार बराचसा त्याबरोबर निघून जातो.