कच्चं मडकं

तेरच्या कुंभाराकडं माठ घ्यायला गेलं की आजी भावाचं नंतर बघायची. आधी एकेक माठ कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं ठोकायची. खणखणीत वाजला तर बाजूला, बद्द वाजला तर परत. मग माझं बोट धरून तिथंच वाजवून घ्यायची. "ऐक नीट. मातीला लपवता येत न्हाई." मी सहा-सात वर्षांचा असेन. पुढं पुस्तकं पुष्कळ वाचली, पण कान दिला तो कुंभाराच्या त्या ओसरीनं.

तेर म्हणजे संत गोरा कुंभारांचं, आमच्या गोरोबाकाकांचं गाव. त्याआधीचं तगर, सातवाहनांच्या काळात परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं. तेव्हाच्या मातीच्या वस्तू गावातल्या लामतुरे संग्रहालयात आहेत. ही कला घराघरांतून चालत आली ती चाकाशेजारी बसून बघणाऱ्या पोरांमुळं.

संतमंडळी काकांच्या घरी जमल्याची कथा आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. ही गोष्ट अहंकार उतरल्याची म्हणून सांगतात. मला मात्र तिच्यातलं पुढचं पाऊल मोठं वाटतं. पंढरीत एवढा मान असलेला माणूस औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं गेला आणि पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसला.

थापटणं कसं चालतं ते जवळून बघावं. डावा हात मडक्याच्या आत, त्यात गुळगुळीत दगड. उजव्या हातातलं लाकडी थापटणं बाहेरून पडतं. आतून आधार नसेल तर एका फटक्यात भोक पडेल. आणि कच्चं मडकं बिघडलं तर भिजवायचं, तुडवायचं, परत चाकावर घ्यायचं. भाजलेलं फुटलं की त्याचं खापरच. कच्चं असण्याची लाज आपल्याला कुणी शिकवली, कोण जाणे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात लोहारा-उमरग्याकडची घरं कोसळली. त्यानंतर 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साथीनं इथल्या बायका घरदुरुस्तीचं तंत्र शिकल्या, गवंड्यांच्या कामावर देखरेख करू लागल्या. उंबऱ्याबाहेर फारसं न बोललेल्या बाया! पुढं त्याच संस्थेसोबत बायकांनी एक एकरात घरापुरतं धान्य, डाळी, भाजीपाला पिकवायला घेतला. त्यांना नव्यानं कुणी शहाणं केलं, असं मी म्हणणार नाही. बी राखणं, राख लावून ठेवणं, ज्वारीत तुरीचे तास धरणं हे त्यांच्या हातात होतंच. त्या हाताला आतून आधार मिळाला.

असं शिकणं आमच्याकडं सणातही चालतं. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळं घर शेतात असतं. कडब्याची खोप, आंबील, उंडे, भज्जी. भज्जीत काय काय पडतं ते पोरांनी रानातून आणायचं, ओळखून. चुकलं तर कुणी ओरडत नाही, फक्त "चाखून बघ" म्हणतात.

आजीच्या शेवटच्या येळवसेला शेजारच्या रानातली नवी सून वालाच्या शेंगा घेऊन आली होती. आजीनं एक शेंग सोलली, दाणा दातांखाली धरला, मग तिला जवळ बसवून घेतलं. "असला वाल म्या कदी लावला न्हाई. कवा पेरला, पोरी? पाणी किती दिलंस?" ती सांगत गेली. ऐंशीच्या घरातली आजी मान हलवत ऐकत राहिली आणि वाळक्या शेंगांतले दाणे एकेक करून पदराच्या गाठीत बांधत गेली.