कवायत तीच, शपथ कोणाची?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे अमेरिकेला जाण्याचा योग आला. मामा व्हर्जिनियात राहतो. एका शनिवारी तो आम्हाला कलोनियल विल्यम्सबर्ग दाखवायला घेऊन गेला. १६९९ ते १७८० या काळात हे गाव व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी होते. १९२६ पासून जुन्या इमारतींची डागडुजी करून, पडलेल्या पुन्हा बांधून, ते अठराव्या शतकात होते तसे उभे केले आहे. इथे काचेच्या कपाटांपेक्षा माणसेच जास्त बोलतात. त्या काळच्या पोशाखातला लोहार भट्टीत लोखंड तापवून खिळे घडवतो आणि हात न थांबवता तुमच्या प्रश्नांची उत्तरे देतो.

मला सर्वांत आवडले ते बासरी-ढोल पथक. त्यात १० ते १८ वर्षांची मुले-मुली आहेत, म्हणजे आपल्याच वयाची. त्या काळी छावणीत उठणे, जमणे, रात्री परतणे हे सारे ढोलाच्या तालावर चाले. आपल्याकडे हेच काम बिगुल करतो. पुढे मैदानात पाहुण्यांच्या हाती काठ्या देऊन बंदुकीची कवायत शिकवत होते. मीही रांगेत उभा राहिलो. हुकूम जुन्या इंग्रजीतले होते, तरी पाय आपोआप सावधान झाले! त्या काळच्या बंदुकीचा नेम लांबवर लागत नसे आणि तयार शिपाईही मिनिटाला साधारण तीनच बार काढू शके. म्हणून सर्वांनी एका रांगेत उभे राहून एकदम बार काढायचा. ड्रिलमध्ये एकजुटीवर एवढा भर का, ते तिथे नीट कळले.

गावात १७१५ चे अष्टकोनी दारूकोठार आहे. २१ एप्रिल १७७५ च्या पहाटे गव्हर्नर डनमोरच्या हुकमावरून नौसैनिकांनी त्यातली दारूची पिंपे गुपचूप हलवली आणि गाव खवळून उठले. ही गोष्ट ऐकताना छाती फुगते. पण त्याच गावात निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती आणि त्यांतले बहुतेक गुलाम होते. खानावळीत राबणारा धर्मोपदेशक गोवन पॅम्फलेट त्यांच्यापैकीच एक. देशाने १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले. तो मुक्त झाला १७९३ मध्ये. ही बाजूही तिथे लपवत नाहीत, हे मला विशेष वाटले.

१७८१ च्या उन्हाळ्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज याच गावात काही दिवस होती. त्याच ऑक्टोबरात जवळच्या यॉर्कटाऊनला तिने शरणागती पत्करली. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९२ मध्ये त्याने मराठे आणि निजाम यांना सोबत घेऊन टिपूला श्रीरंगपट्टणात कोंडले. तिकडे हरलेला सेनापती इकडे जिंकला आणि त्याच्या फौजेत हजारो हिंदी शिपाई होते. तेही शिस्तीत चालत होते, शूर होते. पण लढत होते कंपनीसाठी.

शिस्त माणसाला बळ देते, पण ते बळ कोणाच्या कामी येईल हे शिस्त ठरवत नाही. ते शपथ ठरवते. आज आपला अधिकारी भारताच्या संविधानाशी निष्ठेची शपथ घेतो, राजाशी नव्हे, कंपनीशी नव्हे. त्या संविधानात प्रत्येक नागरिक समान आहे. कॅडेट मित्रांनो, परेड ग्राउंडवर पाऊल उचलताना हा फरक ध्यानात ठेवूया.