ऊब हवी, पण श्वासही हवा

१९९६ सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. निफाडकडच्या एका वस्तीवर मावशींनी कर्ज काढून २०० पिल्लं आणली होती. थंडी कडाक्याची. कोळशाची शेगडी रात्रभर पेटलेली असे, तरी रोज सकाळी पाच-सहा पिल्लं मेलेली सापडत. मी शेड पाहिली आणि सांगून मोकळा झालो, "मावशी, सगळ्या फटी बुजवा. वारा आत शिरता कामा नये."

त्यांनी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला. एका रात्रीत ४० पिल्लं गेली होती. दार उघडताच माझे डोळे चुरचुरले. विष्ठेचा अमोनिया आणि कोळशाचा वायू दोन्ही आत कोंडले होते. मावशी एवढंच म्हणाल्या, "साहेब, उबेचं सांगितलंत, श्वासाचं राहिलं." मी मान खाली घातली.

मग बुजवलेलं सगळं काढून दोघांनी शेड पुन्हा तपासली. दुपारी पडदे लावून आत अंधार केला. जिथून उजेड आला, तिथे खडूची खूण केली. संध्याकाळी पेटती उदबत्ती भिंतीकडेने फिरवली. जोत्याजवळ धूर आत वळे, वर पत्र्याखाली बाहेर ओढला जाई. गरम हवा हलकी, ती वरून निसटते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पाहिलं मात्र त्या दिवशी.

खालच्या फटी चिखलाने लिंपल्या, भोवती बारदान बांधलं, वर पत्र्याखाली वीतभर झरोका मोकळा ठेवला. मर थांबली. मावशींचं कर्ज फिटलं, पण माझ्या सल्ल्यापायी उशिरा.

तेव्हापासून मी आधी पिल्लांकडे पाहतो. पहिल्या आठवड्यात त्यांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. ती शेगडीजवळ गोळा झाली तर गारठलीत. लांब भिंतीकडे पळाली तर उकडतंय. सगळी एकाच अंगाला सरकली तर समोरून वारा येतोय. सारखी पसरून दाणे टिपत असतील, तर शेड ठीक आहे.

आणि एक विनंती. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत माणसांनीही कधी झोपू नये.