पल्याडचं गाव

उन्हाळा तापायला लागला की इंदापूर-करमाळ्याच्या पट्ट्यात आणि खाली थेट सोलापूरपर्यंत टक्क्यांची भाषा सुरू होते. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात एकच चौकशी: ‘उजनी प्लसमध्ये हाय का मायनसमध्ये?’ परगावच्या पाहुण्याला हे कोडंच वाटतं. पाणी शून्याच्या खाली कसं जाईल? तर उजनी धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे. हिशेबात धरतात तो वरचा थर. तो संपला की शून्य टक्के, आणि त्याच्याखाली उणे. २०२४च्या उन्हाळ्यात आकडा उणे साठच्या आसपास गेला होता.

आमचं जुनं गाव या मायनसमध्ये आहे.

पळसदेवच्या पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर आलं की वर्तमानपत्रांत फोटो येतात, पुण्याहून गाड्या येतात, ड्रोन उडतात. आमच्या गावात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. पाणी हटलं की जोत्यांचे दगड दिसतात, आडाचं बांधकाम दिसतं, वाळून कडक झालेल्या बाभळीचे बुंधे दिसतात. गाळ भेगाळतो आणि ट्रॅक्टर लावून लोक तो शेतात वाहून नेतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, असे मायनस आले की तिथं जाऊन यायचे. वेशीच्या दगडापासून पावलं मोजत आपलं जोतं शोधायचे, त्यावर टेकायचे, तंबाखू मळायचे. मी सोबत असलो तर म्हणायचे, ‘हितं ढेळज हुती.’ एवढंच. घराचं त्यांना फार वाटत नसावं असं मला वाटतं. त्यांची नजर असायची समोर, पात्राच्या दिशेला.

कारण समोर थोरल्या आत्याचं गाव होतं. तेही बुडालं, पण ते नंतरचं.

धरणाआधीची भीमा ज्यांनी पाहिली ती माणसं आता थोडी उरली. हा मुलूख अवर्षणाचा. पावसाळ्यात सह्याद्रीकडचं पाणी घेऊन नदी लाल होऊन वाहायची आणि माघ-फाल्गुनापासून आकसत जायची. चैत्रात दोन-तीन धारा उरायच्या, बाकी वाळू. त्या वाळूत टरबुजं, काकड्या लावायच्या. झिरे खणून पिण्याचं पाणी काढायचं. नदीच्या वाळूवर सातबारा नसतो, पण कुठला पट्टा कुणी लावायचा हे ज्याला-त्याला ठाऊक असायचं. गावाच्या जरा खालच्या अंगाला उतार होता. तिथं गुडघाभर पाण्यातून बैलगाडी पलीकडे जायची. पल्याडच्या गावात आमच्या किती सोयरिकी होत्या याला गणती नाही. मुलगी द्यायची ती हाकेच्या अंतरावर, आणि हाक जायची नदीवरून सरळ.

आत्याचं माहेरपण नदीच्या पाण्यावर ठरायचं. आखितीला ती हटकून यायची, कारण वैशाखात पात्र चालत ओलांडता येई. पंचमीला यायचं ते भोयांची नाव चालू असली तर. नसली तर आजी घाटावर उभी राहून हाळी द्यायची, पलीकडून आत्या द्यायची, आणि त्या दोन हाळ्यांत सगळं येई: पोरं बरी आहेत, म्हैस व्याली, यंदा येणं होत नाही. पाणी चढलं की माहेर लांब जायचं, ओसरलं की जवळ यायचं. नकाशावर ते अंतर एकच असतं.

पुढे मी भूगोल शिकवला. मानवी भूगोलाच्या पहिल्या प्रकरणात दोन माणसं हमखास येतात. एक जर्मन, फ्रीडरिख रात्झेल. १८८२मध्ये त्याच्या मानवी भूगोलाच्या ग्रंथाचा पहिला खंड आला. निसर्ग माणसाला घडवतो, हे मत त्याच्या नावावर चालतं. (त्याचं सगळं लिखाण इतकं सरळ नाही, पण परीक्षेत तेवढंच विचारतात.) दुसरा फ्रेंच, विदाल द ला ब्लाश. त्याचं म्हणणं, निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, त्यातली कुठली उचलायची ते माणूस ठरवतो. फळ्यावर नदी काढायची, दोन्ही काठांना वस्त्या काढायच्या, बाण दाखवायचे आणि निसर्गवाद-शक्यतावाद असा तक्ता करायचा. मुलांना विदाल आवडायचा. मलाही. वाळूत टरबूज लावणारी माणसं, उतार बघून सोयरिक जमवणारी माणसं, यांचं वर्णन त्याच्यापेक्षा चांगलं कुणी केलं नसतं. पण त्याच्या विचारातला निवड करणारा ‘माणूस’ नेमका कोण, कुठं बसलेला, हे पुस्तकात नसतं. भीमेनं पुढे ठेवलेल्या शक्यतांपैकी धरणाची शक्यता ज्यांनी उचलली ते वेगळे आणि घरांच्या चौकटी उचलल्या ते वेगळे.

धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. त्याच्या आधीच गावं हलली. मोजणीदार आले होते. आंब्याला भाव होता, बाभळीला होता, विहिरीला होता, भिंतींच्या लांबी-रुंदीला होता. यादी बारकाईनं केलेली होती, हे मान्य करायला हवं. उताराचा रकाना तिच्यात नव्हता. घाटाचा नव्हता, वाळूतल्या पट्ट्याचा नव्हता, हाळीचा तर प्रश्नच नव्हता. गावच्या भाषेत काळी म्हणजे रान आणि पांढरी म्हणजे वस्ती. आमची माळवदं त्या पांढरीच्या मातीचीच, दर पावसाळ्याआधी वर नवा थर द्यायचा. नवं गावठाण मिळालं ते मुरमाड माळावर, ओळीनं आखलेल्या प्लॉटांचं. तिथं पांढरी माती नाही, म्हणून पत्रे आले. जुन्या घराची सागवानी चौकट अण्णांनी गाडीवर घालून आणली आणि विटांच्या भिंतीत बसवली. ती पत्र्याच्या मानानं उंच होती. गणेशपट्टीच्या वर जेमतेम वीतभर भिंत, मग पत्रा. आजी त्या दारातून आत येताना वाकायची. वाकायची गरज नव्हती. जुन्या घरात आतल्या सोप्याची दारं बुटकी होती, ती सवय.

कोयनेच्या विस्थापितांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली होती. डेक्कन कॉलेजनं ती १९६९मध्ये छापली. ती मी फार उशिरा वाचली. वाचताना आजीचं नाव सापडेल असं उगाच वाटत राहिलं. नदी वेगळी, जिल्हा वेगळा, माणसं वेगळी, तरी वाटलं.

पल्याडचं गाव उठलं ते करमाळ्याच्या बाजूला आणखी आत गेलं. आमचं इकडे आत आलं. मध्ये पाणी, काही ठिकाणी नजर पोचणार नाही इतकं. पूर्वी चालत अर्ध्या तासाचं अंतर होतं, तिथं मग भिगवणकडून डिकसळच्या पुलावरून वळसा, नाहीतर खाली टेंभुर्णीकडून. एसट्या बदलत दिवस मोडायचा. डिकसळचा पूल मूळचा ब्रिटिशांच्या काळातला रेल्वेचा. धरणामुळे रूळ हलवावे लागले आणि तो पूल मोटारगाड्यांना मिळाला. नाहीतर होडी. होडी सरळ जाते, पण वाऱ्याचा भरवसा नाही. मे २०२४मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी संध्याकाळच्या वादळात उलटली, सहा जण गेले. बातमी ऐकणाऱ्यांना प्रश्न पडला, रस्त्यानं का नाही गेले? नकाशा काढून बघावा म्हणजे कळेल.

१९७०मध्ये वॉल्डो टॉबलर या भूगोलज्ञानं मांडलं की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्याचा जास्त. वर्गात मी हे बाजारपेठा आणि बसमार्ग सांगून समजावत असे. आत्याचं उदाहरण कधी दिलं नाही. तिचं येणं आखिती-पंचमीवरून नुसत्या आखितीवर आलं, मग एखाद्या लग्नावर, मग फोनवर. भांडण नाही, रुसवा नाही. आते-मामेभावंडं एकमेकांना ओळखेनाशी झाली, इतकंच. घाटावर भेटणारी माणसं एकमेकांच्या घरी मुद्दाम जात नसतात, आणि घाट गेला की मुद्दाम जाण्याची सवय कुठून येणार?

आत्या गेली ती पावसाळ्यात. निरोप सकाळी आला. वारा सुटलेला होता, होडीवाला म्हणाला, आज सोडत नाही. माहेरची साडी अंगावर घातल्याशिवाय बाई सरणावर जात नाही, म्हणून अण्णांनी जातानाच भिगवणच्या दुकानातून साडी घेतली. हिरवी, काठपदराची, पिशवीत घडी तशीच. डिकसळ, मग पुढची गाडी, मग पुढची. तिकडे लोक थांबले होते, पण आभाळ भरून आलं होतं आणि माणसं तरी किती वेळ थांबणार? आम्ही पोचलो तेव्हा सावडण्याचं बोलणं चाललं होतं. अण्णांना बहिणीची माती मिळाली नाही. दिराच्या घरातली कुणाची तरी कोरी साडी घातली होती, असं कळलं. अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. निघताना ती त्यांनी भाचीच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘नेस गं तूच.’ परतीच्या एसटीत ते पाण्याकडे पाठ करून बसले.

पाण्याचा राग धरावा तर कशाच्या जोरावर? ज्यांची रानं बुडाली त्यांनीच पुढे काठावर मोटारी बसवल्या, पाइपलाइनी ओढल्या, उरलेल्या माळावर ऊस उभा केला. आमचाही उभा आहे. पाणी हटायला लागलं की चाऱ्या खोदत मोटार पुढे सरकवायची, केबल जोडत जायची. त्या भरात एखाद्याची मोटार ज्याच्या जोत्यावर बसते त्याला ते पटत नाही, मग बोलाचाली होते. कुंभारगावच्या पाणथळीला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पुण्याची माणसं होडीतून बघायला येतात. पुण्याचं सांडपाणीही मुळा-मुठेतून येतंच; उन्हाळ्यात काठाचं पाणी हिरवं दिसतं. माझ्या पुतण्याला भीमा म्हणजे हे एवढं मोठं पाणीच, आणि चिलापी पकडायला त्याच्याइतका तरबेज कुणी नाही. त्याचा भूगोल माझ्यापेक्षा पक्का आहे. मी बुडालेल्या वाटा सांगतो तेव्हा तो ऐकून घेतो.

आता दोन्ही काठ जोडणाऱ्या शिरसोडी-कुगाव पुलाचं मनावर घेतलंय सरकारनं. मधल्या काळात त्या पुतण्याला पल्याडचं एक स्थळ सांगून आलं. चुलतभावाचा फोन आला: ‘तुमची सगळी माणसं हायती की तिकडं. जरा घराणं बघून सांगा.’ मी हो म्हटलं. वही काढली, आत्याच्या घरच्यांचा जुना नंबर लावला, तो लागला नाही. डोक्याला ताण दिला, तर त्या गावातल्या जिवंत माणसाचं एकही नाव आठवेना. शेवटी भावाला कळाशीच्या होडीवाल्याचा नंबर दिला. दोन्ही काठांची घरं आता त्याला माहीत असतात.