एक रेकॉर्ड, एक मैफल आणि चुकलेली लाँच
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्यामुळे ‘कॉलेजच्या कामाला मुंबईला जातो आहे’ एवढे म्हटले की पुढे कोणी काही विचारत नाही. विचारायचे काय, हेच कोणाला ठाऊक नसते. या अज्ञानाचा फायदा मी आजवर एकदाच घेतला, गेल्या डिसेंबरात. प्रकल्पासाठी मोठे ग्रंथालय पाहून येतो असे सांगून मी निघालो, आणि ग्रंथालयाची पायरीही न चढता दुसऱ्या दिवशी परत आलो. हे प्राध्यापक मंडळी वाचणार याची मला कल्पना आहे. प्रकल्पाचे टिपण मी नंतर आपल्याच कॉलेजच्या ग्रंथालयात बसून केले, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा धंदा स्पीकरचा. चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात आजोबांनी तो सुरू केला तेव्हा सगळी सामग्री एका हातगाडीत मावत असे. एक आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे, एक रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डची लाकडी पेटी. भोंगा माडावर बांधायचा. आजोबा माडावर चढण्यात पटाईत, म्हणून तर हा धंदा त्यांना सुचला असे आजी म्हणत असे. लग्नाच्या दिवशी पहाटे पहिली रेकॉर्ड लागायची ती उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईची. ती संपली की मग कोळीगीते, मग सिनेमातली. शहनाई वाजल्याशिवाय आजोबा दुसऱ्या कुठल्याही रेकॉर्डला हात लावत नसत. यजमान कितीही मोठा असो. बाबांच्या काळात कॅसेटी आल्या, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. आता आमच्याकडे टॉप आहेत, बेस आहेत, मिक्सर आहे आणि ते सगळे वाहायला टेम्पो आहे. पण ती पेटी माळ्यावर होती. महिन्या-दोन महिन्यांनी आजोबा ती उतरवीत, रेकॉर्डी मऊ फडक्याने पुसत आणि एखादी लावून पुन्हा ठेवून देत.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. त्या दिवसाचे वर्णन येथे कोणाला नव्याने सांगायला नको. प्रत्येकाच्या वाडीने ते सोसले आहे. आमची अर्धी कौले गेली आणि माळ्यावर पाऊस पडला. मी तेव्हा नववीत जाणार होतो. दोन दिवसांनी ऊन पडले. घरातली मोठी माणसे पडलेले माड तोडण्यात गुंतली होती. पेटी उघडून पाहिली तर आतल्या कव्हरांचा लगदा झालेला. मला वाटले आपणही काही तरी करावे. मी एकेक रेकॉर्ड काढली, विहिरीच्या पाण्याने धुतली आणि अंगणात पडलेल्या पत्र्यावर ओळीने वाळत घातली. पापड घालतात तशी. पाण्याने रेकॉर्ड बिघडत नाही, उन्हाने बिघडते, हे मला कोणी सांगितले नव्हते. ते एक प्रकारचे प्लास्टिकच. तापल्या पत्र्यावर मऊ पडते आणि निवताना वाकड्याचे वाकडे राहते. दुपारी येऊन पाहतो तो एकेकीच्या कडा वर उचललेल्या. पावसाने जेवढे नेले नव्हते तेवढे मी नेले.

आजोबा आले, त्यांनी पाहिले, आणि विहिरीवर पाय धुवायला निघून गेले. ते मला त्या दिवशी बोलले नाहीत आणि नंतरही कधी बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

आता या गोष्टीचा रॉक संगीताशी संबंध काय? तो माझ्या मामेभावामुळे आला. मामा लालबागला राहतो. दादा मुंबईच्या एका कॉलेजात आहे आणि गणपतीला आमच्याकडे येतो. मागच्या गणपतीत रात्रीचे भजन आटोपल्यावर त्याने माझ्या कानात इअरफोन घातला आणि म्हणाला, “तू पखवाज वाजवतोस ना? मग हे मोज.” सुरुवातीला पैशांची नाणी खळखळली, कागद फाटला, दुकानातला गल्ला उघडला, आणि हे सगळे आवाज ठेक्यात. मोजले तर सात. पिंक फ्लॉइड या इंग्रज मंडळींचे ‘मनी’ हे गाणे, १९७३ सालचे. ते आवाज त्यांनी टेपवर घेऊन, टेपचे तुकडे कापून जोडून सात मात्रांचे चक्र केले होते. मी म्हणालो, “हा तर रूपक आहे.” दादा म्हणाला, “रूपक वगैरे मला ठाऊक नाही, पण या जातीला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात.” त्यानंतर तीन महिने मी टेम्पोत मागे स्पीकरवर बसून तेच ऐकत होतो. इंग्रजी शब्द निम्मे कळत नसत. सात कळत होते.

डिसेंबरात दादाचा फोन आला की एका कॉलेजच्या पटांगणात संध्याकाळी असल्याच एका बँडचा कार्यक्रम आहे, तिकीट तो काढतो. मी जवळचे पैसे मोजले. पंधराशे होते. त्यातले साडेआठशे परीक्षेच्या फॉर्मसाठी बाबांनी दिलेले आणि उरलेले हळदीच्या कार्यक्रमांत बेस उचलून मी मिळवलेले. कार्यक्रमाचे निमित्त होते हे खरे, पण लाँचमध्ये बसलो तेव्हा माझ्या डोक्यात दुसरेच काही होते.

मांडव्याहून गेटवेला पोचायला तासभर लागतो. सगळे प्रवासी सीगलना खाऊ घालण्यात दंग, मी मनातल्या मनात हिशेब करीत. दादा गेटवेवर उभा होता. चालत आम्ही काळा घोड्याला आलो. तिथे त्याने मला जहांगीर आर्ट गॅलरीसमोरची ऱ्हिदम हाऊसची इमारत दाखवली. १९४० नंतरच्या दशकात निघालेले हे दुकान २०१६ साली बंद झाले. रेकॉर्ड विकत घेण्यापूर्वी तिथे ती ऐकायला मिळे म्हणतात. आजोबा भोंग्याचे युनिट दुरुस्तीला मुंबईत आणीत तेव्हा या दुकानावरून जात, पण आत कधी गेले नाहीत. हे मला त्यांनीच सांगितले होते. काचेच्या दाराला आपण हात लावला तर डाग पडेल असे वाटे म्हणे.

चोरबाजारात मात्र काचेचे दार नव्हते. मटण स्ट्रीटवर घड्याळे, झुंबरे, जहाजाची चाके आणि मोडक्या खुर्च्या यांच्या गर्दीत एक अरुंद दुकान, आणि जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डी. आत पाऊल टाकले आणि मला आमच्या पेटीचा वास आला. जुना पुठ्ठा आणि धूळ. पाच वर्षांत तो वास मी विसरलो होतो असे मला वाटत होते.

दादाने थेट इंग्रजी गठ्ठ्यावर झडप घातली. काळ्या कव्हरावर काचेचा लोलक आणि त्यातून निघणारे रंग, म्हणजे ‘डार्क साइड ऑफ द मून’, तेच ते ‘मनी’ज्यात आहे. दुकानदाराने किंमत सांगितली साडेतीन हजार. दादाने ती परत ठेवली. पण दुकानदार बोलका होता. त्याने आम्हांला एक गोष्ट समजावून दिली. जुन्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. म्हणून गाणीही तेवढीच. एल.पी. आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक जागा मिळाली. मग या मंडळींनी बाजूभर एकच गाणे करायला सुरुवात केली. पिंक फ्लॉइडचे ‘एकोज’ हे १९७१ सालचे, तेवीस मिनिटांचे. पुढच्याच वर्षी जेथ्रो टल यांनी एकच गाणे दोन्ही बाजू भरून केले; मध्ये उठून रेकॉर्ड उलटावी लागे. मला हे ऐकून गंमत वाटली. आम्ही समजतो कलावंताला सुचते तेवढे तो गातो. निदान काही वेळा तरी तबकडीवर मावते तेवढे त्याला सुचत असावे.

आणि मग मी विचारले, “शहनाई है?”

दुकानदाराने वर न बघता मागच्या गठ्ठ्याकडे बोट केले. चार-पाच होत्या. त्यातली एक मी काढली. कव्हर फाटके, पण रेकॉर्ड सरळ. कडेला धरून उजेडात तिरपी केली, डोळ्याच्या रेषेत आणून पाहिली. अशी रेकॉर्ड कधी पाहायला हवी होती, आणि मी कधी पाहतो आहे! लेबलवर तोच कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा. पिंक फ्लॉइडची मघाची प्रतही भारतातच छापलेली होती, ग्रामोफोन कंपनीची. म्हणजे ज्या कंपनीने आमच्या लग्नांची शहनाई छापली तिनेच हेही. लेबलच्या मोकळ्या जागेवर तेलरंगाने कोणा साऊंड सर्व्हिसचे नाव लिहिले होते, अर्धे खरवडलेले. आजोबाही आपल्या रेकॉर्डींवर असेच नाव घालीत, लग्नात चोरीला जाऊ नयेत म्हणून. कोणाची तरी पेटी फुटली होती आणि तिच्यातली ही एक इथवर आली होती. घासाघीस करून पाचशेला मिळाली. जाण्यायेण्याचा खर्च धरता फॉर्मच्या पैशांना हात लागणार हे मला देताना ठाऊक होते.

कार्यक्रम सातला होता, म्हणजे परतीची लाँच गेलीच. घरी फोन करून दादाकडे राहतो म्हणून सांगितले. “ग्रंथालय एवढा वेळ उघडं असतं?” बाबांनी विचारले. मी हो म्हटले. दिवसभरातले हे दुसरे खोटे.

पटांगणात दादाचे मित्रमैत्रिणी होते. सगळे इंग्रजीत बोलत. माझ्याशी ते चांगलेच वागले, मराठीतून बोलले. पण मराठीत बोलताना त्यांचा आवाज लहान मुलाशी बोलावा तसा होई. मी रेकॉर्डची पिशवी छातीशी धरून हळूहळू मागे सरकलो आणि मिक्सरजवळ जाऊन उभा राहिलो. तिथे मला घरच्यासारखे वाटले. टॉप माळेसारखे टांगलेले, खाली बेसची रांग, मिक्सरवरचा माणूस घामाघूम. रंगमंचावरून एक पोरगा “चेक, चेक” करीत होता. आमचे बाबा “हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणतात, एवढाच काय तो फरक. शिट्टी मारू लागली तेव्हा ती कुठल्या माइकची हे मी त्या माणसाच्या आधी ओळखले. सांगितले मात्र नाही.

बँड पाच पोरांचा. त्यांनी आधी ‘मनी’ वाजवले. माझा हात आपोआप मांडीवर पडू लागला. आसपासची मुले माना हलवीत होती, पण त्यांची मान सातव्या मात्रेनंतर दर वेळी अडखळे. दादाच्या एका मैत्रिणीने मागे वळून पाहिले आणि विचारले, “तुला कसं जमतं रे हे?” मी तिला तीन-दोन-दोन करून दाखवले. मधल्या गिटारच्या तुकड्यात गाणे सातातून चारात उतरते. भजनात संथ चालीवरून गजरात शिरावे तसे. तेव्हा सगळे पटांगण सुटल्यासारखे नाचू लागले. पुन्हा सात आले आणि पुन्हा सगळे अडखळले.

मग त्यांनी स्वतःची रचना घेतली, अठरा मिनिटांची म्हणून सांगून. खरे सांगायचे तर तिची पहिली पाच मिनिटे नुसता धूर आणि एकच सूर होता. मला कंटाळा आला. पण पुढे ढोलकऱ्याने नऊचा आणि गिटारवाल्याने सहाचा हिशेब धरला, आणि अठराव्या मात्रेला दोघे एकत्र आले, तेव्हा मी पिशवी खाली ठेवली. इतक्यात मिक्सरवरच्या माणसाने घड्याळ दाखवले. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर वाजवायचा नाही, हा २००० सालचा नियम. आमच्या धंद्यात लहान पोरालाही तो पाठ. गिटारवाल्याने ढोलकऱ्याकडे पाहिले, मान हलवली, आणि मधला सगळा भाग गाळून त्यांनी दोन मिनिटांत ती रचना शेवटाला आणून ठेवली. आरतीची वेळ झाली की आमचे बुवा नेमके असेच करतात. सबंध संध्याकाळीत मला तेच सर्वांत आवडले.

दादाकडे मी राहिलो नाही. खोटे बोललेल्या ठिकाणी झोप येईना असे वाटले. शेवटच्या लोकलपैकी एक धरून पनवेल गाठले आणि एस. टी. स्टँडवर रेकॉर्ड मांडीवर घेऊन रात्र काढली. बाकावर ठेवली तर कोणी वर बसेल ही भीती. पहाटेच्या गाडीने पेण, वडखळ करीत अलिबाग, तिथून घर.

बाबा अंगणात टेम्पो धूत होते. मी सगळे सांगून टाकले. फॉर्मचे पैसेही. ते बराच वेळ नळी धरून उभे राहिले. मग म्हणाले, “टॉप किती होते?” मी सांगितले. “आणि बेस?” तेही सांगितले. फॉर्मला कमी पडलेले पैसे त्यांनी भरले आणि पुढच्या दोन सुपाऱ्यांत माझ्या हिशेबातून कापून घेतले.

आजोबा ओटीवर होते. मी रेकॉर्ड त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कडेने धरली, लेबल डोळ्यांजवळ नेले आणि ते खरवडलेले नाव वाचायचा प्रयत्न केला. “कोणाची रे ही?” म्हणाले. मला सांगता येईना. मग त्यांनी मुंबईत काय ऐकले ते विचारले. मी मांडीवर सात मोजून दाखवले. “रूपकच की,” ते म्हणाले. “यात नवीन ते काय?” मी म्हटले, एक गाणे अठरा मिनिटांचे होते. “अठरा? मग वऱ्हाड जेवणार कधी?”

बाबांनी प्लेअर काढून आणला. रेकॉर्ड लावली. एका जागी सुई अडकू लागली तेव्हा आजोबांनी चंचीतून जुने चार आण्यांचे नाणे काढून सुईच्या डोक्यावर ठेवले, आणि शहनाई पुढे सरकली. बाजू संपेपर्यंत कोणी बोलले नाही. मग त्यांनी ती फडक्याने पुसली, फाटक्या कव्हरात घातली आणि माझ्याकडे दिली.

“आत नेऊन ठेव,” म्हणाले. “उन्हात नको.”