इंजिनाचा नंबर

पावसाळा संपत आला तेव्हा आमच्या शाळेच्या मैदानात गुडघाभर गवत माजलं होतं. एक दिवस मुलांना साप दिसला आणि खेळाचा तास बंद झाला. पालकांनी वर्गणी काढली. एका बंद पडलेल्या हॉटेलातून पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं जुनं यंत्र आणलं. ते सुरू करण्याचं काम उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माझ्या गळ्यात पडलं. पैसा लोकांचा, म्हणजे अमानत. मनात धाकधूक होती.

तेल कोणतं घालायचं म्हणून रत्नागिरीतल्या एका दुकानदाराला फोन केला. "इंजिन कोणतं आहे?" त्याने विचारलं. मी यंत्रावरचं ठळक नाव वाचून दाखवलं. "सर, ते यंत्राच्या कंपनीचं नाव. इंजिन बहुतेकदा दुसऱ्याच कंपनीचं असतं. त्याचा नंबर बघा."

नंबर कुठे सापडेना. शेवटी जुन्या स्कूटरच्या सवयीने मी पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायला घेतलं.

"सर, थांबा जरा." नववीतला एक मुलगा मागे उभा होता. व्याकरणाच्या तासाला जांभया देणारा, संध्याकाळी मामूंच्या गॅरेजमध्ये बसणारा. त्याने आधी स्पार्क प्लगची वायर काढून ठेवली. मग रॉकेलच्या फडक्याने इंजिन पुसलं. दोन झाकणं दिसली. एक पेट्रोलचं, दुसऱ्याला तेल मोजायची पट्टी. "तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं तर हे दुसरं झाकण कशाला असतं? फोर-स्ट्रोक आहे हे." पट्टी कोरडी ठणठणीत निघाली. कुणीतरी आधीच तेल काढून घेतलं होतं. तसंच सुरू केलं असतं, तर थोड्याच वेळात इंजिन जाम झालं असतं आणि वर्गणी पाण्यात गेली असती.

पुसलेल्या पत्र्यावर ठोकलेले आकडेही दिसू लागले. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं होतं. त्यावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर असतात. आमच्या मॉडेलच्या सुरुवातीचा ९ म्हणजे नऊ घन इंच, साधारण १४८ सीसी. कोडमध्ये इंजिन बनल्याची तारीख असते: सुरुवातीला ९४०६१५ असेल, तर १५ जून १९९४. नंबर सांगताच दुकानदाराने एसएई ३० तेल बांधून दिलं. अल्हम्दुलिल्लाह, पाचव्या ओढीला इंजिन सुरू झालं.

पुढच्या पालक सभेत त्या मुलाची अम्मी नेहमीसारखी मान खाली घालून बसली. दरवेळी मी तक्रारच सांगायचो. या वेळी आधी हा किस्सा सांगितला. ऐकून तिने हळूच विचारलं, "आणि मराठीत किती मार्क, सर?"

"ते नंतर बघू," मी म्हणालो. "आज मी त्याच्याकडून शिकलोय."