पाठीची नळी

दोन वर्षांपूर्वी इटालियन डिझाइनवरच्या एका इंग्रजी लेखाचा मी मराठी अनुवाद केला. एरवी मी बांगला कथा-कादंबऱ्यांचं काम करते. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम. ए. करताना लागलेली ती सवय आहे. हा लेख मात्र पैशांसाठी घेतला होता. त्यात एक चूक राहिली आणि ती पकडली अहमदाबादला शिकणाऱ्या एका मराठी मुलाने, कारण माझं वाक्य वाचून तो खुर्ची बनवायला बसला होता.

खुर्ची जो कोलोंबोची. मिलानच्या या डिझायनरचं खरं नाव चेझारे. आधी चित्रकार, मग काही काळ वडिलांच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यात, आणि तिथून प्लॅस्टिकच्या प्रेमात. १९६९ साली त्याने फ्लेक्सफॉर्म कंपनीसाठी ‘ट्यूब चेअर’ केली. चार पोकळ नळ्या, प्रत्येकीचा व्यास वेगळा. आत कडक पीव्हीसी, वर फोम, त्यावर कव्हर. विकताना चारही नळ्या एकीच्या पोटात दुसरी घालून नाडीच्या पिशवीतून दिल्या जात. घरी आणून बाहेर काढायच्या आणि पोलाद-रबराच्या चापांनी हव्या त्या क्रमाने जोडायच्या. पाय नाहीत, हात नाहीत. ओणवं व्हा, लोळा, ताठ बसा, तुमची मर्जी.

या खुर्चीच्या लांबलचक इंग्रजी नावात ‘नेस्टिंग’ असा एक शब्द येतो. त्यावर माझा अर्धा दिवस गेला. घरटं तिथे शोभेना. शेवटी आईच्या फडताळातली पातेली कामी आली : ‘एकात एक बसणाऱ्या’ नळ्या. या शब्दांवर मी इतकी खूश झाले की पुढचं वाक्य गाफीलपणे केलं. मुळात एवढंच होतं की नळ्यांचा क्रम बदलला की बसण्याची तऱ्हा बदलते. मला ते फार मोघम वाटलं. समोर एक फोटो होता. तो पाहून मी लिहिलं, ‘सर्वांत मोठी नळी पाठीला, मधल्या दोन बसायला आणि लहान पायांखाली.’ वाक्य छान उभं राहिलं. संपादकांनी ‘ओघवतं’ म्हणून कळवलं.

मग त्या मुलाचा फोन. त्याने वेगवेगळ्या मापांचे प्लॅस्टिकचे पिंप कापून, गादीवाल्याकडचा फोम गुंडाळून नळ्या केल्या होत्या. “मॅडम, तुम्ही सांगितलंय तशी जोडली, पण मान पुढे येतेय. मोठी नळी खाली घेतली तर बरं वाटतं. पण मग ती पाठीची राहत नाही ना?”

मी मूळ लेख काढला. पाठ हा शब्द त्या वाक्यात कुठेच नव्हता.

मोडकीतोडकी का होईना, मला इटालियन येते. आरामखुर्चीला तिथे ‘पोल्त्रोना’ म्हणतात, आणि पुढारी पदाला चिकटून बसला की तो पोल्त्रोनाला चिकटला असंही म्हणतात. आपल्याकडे खुर्ची सुटत नाही, तसंच. बडोद्याच्या आमच्या घरी आजोबांची लांब हातांची आरामखुर्ची होती. ते गावाला गेले तरी तिच्यात कुणी बसत नसे. फार तर घड्या घातलेले कपडे ठेवले जात. पाठ कुठे, पाय कुठे, बसणार कोण, हे त्या खुर्चीत आधीच ठरलेलं होतं. कोलोंबोच्या नळ्यांत ते ठरलेलं नाही, आणि त्याने मुद्दाम मोकळं सोडलेलं मी बुजवून टाकलं. (त्या मोकळेपणाचं फार कौतुकही नको. मुलाच्या मते नीट बसता येतं ते दोनच क्रमांत.)

त्या रात्री मला झोप आली नाही ती खुर्चीमुळे नव्हे. काही वर्षांपूर्वी मी एका बांगला कथेचा अनुवाद केला होता. निवेदक ज्याच्यावर किंवा जिच्यावर प्रेम करतो, ते माणूस कथेत शेवटपर्यंत नुसतं ‘शे’ आहे. बांगला सर्वनामाला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. मराठीत ‘आला’ की ‘आली’ हे लिहिल्यावाचून सुटका नसते. मी ‘ती’ केलं. तेव्हा फारसा विचारही केला नाही. लेखक हयात नव्हते, विचारणार कुणाला, असं स्वतःला सांगितलं होतं. पण हयात असते तरी मी विचारलं असतं का? निवेदक पुरुष, म्हणजे ती बाईच, हे मी कथा पूर्ण वाचण्याआधीच धरून चालले होते. त्या अनुवादालाही सगळे ओघवता म्हणाले होते.

१९७१ साली, ३० जुलैला, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशीच कोलोंबो गेला. म्हणजे त्यालाही काही विचारता येणार नाही, पण त्याचं वाक्य दुरुस्त करणं सोपं होतं. मी संपादकांना पत्र पाठवलं. पुढच्या आवृत्तीत पाठ निघेल.

कथेचं तसं नाही. ‘ती’ खोडून ‘तो’ करणं ही दुरुस्ती नव्हे. गेला महिनाभर मी एकेक वाक्य असं फिरवून बघते आहे की क्रियापद त्या माणसाचं लिंग सांगणार नाही : ‘ती हसली’ऐवजी ‘हसू ऐकू आलं’, ‘ती निघून गेली’ऐवजी ‘दार लोटलेलं होतं’. अशा एकूण तेवीस जागा सापडल्या. चौदा सुटल्या. उरलेल्या नऊ ठिकाणी मराठी ऐकत नाही, आणि त्यांतली एक कथेच्या शेवटच्या ओळीत आहे.